पडद्यावरच्या सासूबाई

माणसाला नावे ठेवण्याच्या कामी रामायण-महाभारतांनी आपल्या भाषेची केवढी मोठी सोय करून ठेविली आहे, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. दिवसाचे बारा तास झोपणारा चुलतभाऊ कुंभकर्ण होतो, दोन शेजाऱ्यांत भांडण लावून देणारा गृहस्थ कळीचा नारद होतो, आणि भाच्याला भलता सल्ला देणाऱ्या मामाला शकुनी म्हणावयास तर कोणाच्या परवानगीचीही गरज लागत नाही. पुराणांनी केले तेच पुढे रंगभूमीनेही थोडेबहुत केले. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले आणि तेव्हापासून महाराष्ट्रातील यच्चयावत मद्यपी तळीराम झाले. ज्यांनी ते नाटक पाहिलेले नाही की वाचलेले नाही, त्यांच्याही तोंडी हे नाव सहज येते. परंतु ही सारी नावे पात्रांची आहेत. पात्राला बिचाऱ्याला घर नसते, मुलेबाळे नसतात, बाजारातून भाजी घेऊन येताना त्याच्याकडे कोणी बोट दाखवीत नाही. तेव्हा त्याचे नाव वापरल्याने कोणाचे फारसे बिघडत नाही. आमच्या माहितीत मात्र असे एक नाव आहे की, जे पात्राचे नसून ते पात्र वठविणाऱ्या जिवंत माणसाचे होते, आणि तरीही ते मराठी घराघरांतून सामान्यनामासारखे वापरले गेले. 'सासू कसली, ललिता पवार आहे नुसती!' हे वाक्य ज्याने कधी ऐकले नाही असा मराठी माणूस आमच्या पिढीत तरी सापडणे कठीण.

गंमत अशी की, ललिताबाईंनी रंगविलेल्या सासवांची, आत्यांची आणि सावत्र आयांची पडद्यावरची नावे काय होती, हे चित्रपटांचे मोठे शौकीनही आज चटकन सांगू शकणार नाहीत. ती सगळी नावे पुसली गेली आणि त्या सगळ्या बायकांचे पाप एकट्या ललिताबाईंच्या नावावर जमा झाले. नटाच्या कलेला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते, असे कोणी म्हणेल. असेलही. पण हे प्रशस्तिपत्र वाचताना आम्हाला दर वेळी काहीतरी खुपते, आणि ते काय, याचा थोडा शोध घ्यावा म्हणूनच आम्ही हे लिहावयास बसलो आहो.

ललिताबाई मूळच्या येवल्याच्या. पैठणीसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या गावी १८ एप्रिल १९१६ रोजी, रेशमी व सुती कापडाचा व्यापार करणाऱ्या घरात त्यांचा जन्म झाला. पाळण्यातले नाव अंबा. मुलींनी नाटक-सिनेमात जाणे म्हणजे कुळाला बट्टा, असे समजण्याच्या त्या काळात ही मुलगी १९२८ च्या सुमारास, म्हणजे जेमतेम बाराव्या वर्षी, मूकपटांत कामे करू लागली. पुढच्या दहा वर्षांची हकीकत आजच्या वाचकास खोटी वाटावी अशी आहे. १९३२ च्या 'कैलाश' या मूकपटात त्यांनी काम तर केलेच, शिवाय त्याच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. वय वर्षे सोळा! १९३५ चा 'हिम्मत-ए-मर्दां' हा त्यांचा गाजलेला बोलपट. त्यात त्या नायिका होत्या, देखण्या म्हणून नावाजल्या गेल्या होत्या, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे आपली गाणी आपणच गात होत्या. १९३८ साली त्यांनी 'दुनिया क्या है' हा बोलपट काढला, आणि तो कशावर, तर टॉलस्टॉयच्या 'रिझरेक्शन' या कादंबरीवर! बावीस वर्षांच्या मराठी मुलीने टॉलस्टॉय पडद्यावर आणण्याची उमेद धरावी आणि पदराला खार लावून ती तडीस न्यावी, ही गोष्ट आमच्या वाङ्मयेतिहासकारांनीही कोठेतरी टिपून ठेवावी अशी आहे. १९४१ च्या मास्टर विनायकांच्या 'अमृत'मध्येही त्या होत्या. त्याची कथा वि. स. खांडेकरांची. म्हणजे बाईंची वाट एकंदरीत नायिकेची, निर्मातीची, महत्त्वाकांक्षेची होती. सासू होण्याचा त्यांचा काहीएक विचार नव्हता.

मग १९४२ साल उजाडले. 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. पुढे 'अलबेला'मुळे (१९५१) सर्वांचे भगवानदादा झाले ते मास्टर भगवान यांनी एका प्रसंगात ललिताबाईंच्या थोबाडीत मारावयाची होती. पडद्यावरची थप्पड ही वास्तविक सगळी हातचलाखी असते. हात गालाजवळून जातो आणि मान योग्य क्षणी वळते. त्या दिवशी हिशेब चुकला. हात खरोखरच बसला, आणि असा बसला की चेहऱ्याच्या डाव्या बाजूस पक्षाघात होऊन डाव्या डोळ्यास कायमची इजा झाली. भगवान यांच्या मनात काही वाईट नव्हते, हे सर्वांनीच मान्य केले आहे. पण हेतू निर्मळ असला म्हणून शीर जुळत नाही. उपचार दीर्घकाळ चालले. चेहरा पुष्कळसा सावरला, डोळा मात्र बारीक झाला तो झालाच. त्या वेळी ललिताबाई सव्वीस वर्षांच्या होत्या.

ही गोष्ट सांगण्याच्या दोन तऱ्हा आम्ही ऐकल्या आहेत. काही लोक ती दैवाचा फेरा म्हणून सुस्कारा टाकीत सांगतात. दुसरे काही, विशेषतः समारंभांतील वक्ते, ती हसतमुखाने सांगतात: पाहा, संकटातून संधी कशी निर्माण झाली! ती थप्पड बसली नसती तर आपल्याला ही थोर चरित्रनटी लाभली असती का? दुसरी तऱ्हा ऐकताना आम्हाला पहिलीहून अधिक राग येतो. एखाद्याचा डोळा गेला तर त्यापायी काय लाभले याचा हिशेब ज्याचा डोळा त्याने मांडावा. तिकिटाचे पैसे देऊन खुर्चीत बसलेल्या माणसाने नव्हे. आणि नायिका राहून, निर्माती राहून या बाईने पुढे काय केले असते, याची कल्पना 'दुनिया क्या है' काढणारीविषयी तरी करावयास हरकत नव्हती.

परंतु झाले ते असे. परत आल्या त्या चरित्रभूमिकांत. १९४४ साली प्रभातचा 'रामशास्त्री' आला. गजानन जागीरदारांचा रामशास्त्री आणि ललिताबाईंची आनंदीबाई. मराठी माणसाला आनंदीबाई कोण हे सांगावयास नको. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्या प्रकरणी 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' करणारी बाई म्हणून आख्यायिकेने जिला कायमची फाशी दिली, ती ही. इतिहासाची कागदपत्रे काही म्हणोत, 'ध चा मा' हा शब्दप्रयोग तिच्या नावे रूढ झाला तो झालाच. या भूमिकेची निवड आम्हाला मोठी अर्थपूर्ण वाटते. एका अक्षराने जिचे नाव बदनाम झाले तिची भूमिका, एका थपडेने जिच्या नावाचा अर्थ पालटू लागला होता त्या नटीकडे यावी! पण हा आमचा भाबडेपणाही असेल. कंपनीला त्या वेळी अधिकाराने बोलणारी बाई हवी होती, आणि ती मिळाली, इतकाच त्याचा अर्थ असेल.

येथून पुढे सासवांचा ओघ सुरू झाला. शांतारामबापूंचा 'दहेज' १९५० चा. हुंड्यासाठी सुनेचा छळ करून अखेर तिचा जीव घेणारी सासू ललिताबाईंनी त्यात उभी केली. सून जयश्रीबाई, सुनेचे वडील पृथ्वीराज कपूर. तो चित्रपट पाहून आलेल्या बायका आठ-आठ दिवस त्या सासूला शिव्या देत, असे आमच्या घरातील वडीलधाऱ्यांकडून आम्ही ऐकलेले आहे. शिव्या देणाऱ्यांत काही सासवाही असत, हे त्या चित्रपटाचे खरे यश समजावयाचे की अपयश, हे आम्हाला आजवर ठरविता आलेले नाही.

ललिताबाईंच्या कारकिर्दीकडे पाहताना आम्हाला १९५५ हे साल फार बोलके वाटते. त्या वर्षी गुरुदत्त यांचा 'मिस्टर अँड मिसेस ५५' आला. हिंदू विवाहाचा कायदा त्याच वर्षी झाला, त्यातील घटस्फोटाच्या तरतुदीवरून देशभर वाद माजला होता, आणि त्या वादावरच हा चित्रपट बेतलेला होता. ललिताबाई त्यात सीतादेवी झाल्या आहेत: श्रीमंत, सुशिक्षित, स्त्रियांच्या हक्कांसाठी सभा गाजविणारी, घटस्फोटाची कैवारी. भाची मधुबाला. ही आत्या चित्रपटात आरंभापासून शेवटपर्यंत थट्टेचा विषय आहे आणि तिचा पराभव हाच चित्रपटाचा सुखान्त आहे. आता गंमत पाहा. 'दहेज'मध्ये ललिताबाई जुन्या रूढीला कवटाळून बसल्या म्हणून दुष्ट, आणि पाच वर्षांनी रूढी मोडू म्हणाल्या तरीही दुष्टच! जुने धरले तरी वाईट, नवे मागितले तरी वाईट. मग या दोन बायकांत समान ते काय? आम्ही पुष्कळ विचार करून पाहिला. समान आहे ते एवढेच की, दोघीही वयस्क आहेत आणि दोघींचाही घरातल्या चार माणसांवर अधिकार चालतो.

त्याच वर्षी 'श्री ४२०' आला. त्यात ललिताबाई मुंबईच्या पदपथावर केळी विकणारी गंगामाई आहेत. तिच्याजवळ घर नाही, तिजोरी नाही, कमरेला किल्ल्या नाहीत. आहे ती केळ्यांची पाटी आणि परक्या पोराला पोटाशी धरणारे मन. ही बाई सगळ्या हिंदुस्थानला आवडली. आवडण्याजोगीच आहे. परंतु जिच्या हाती काही नाही ती म्हातारी गोड आणि जिच्या हाती किल्ल्या आहेत ती खाष्ट, हा जो न्याय एका वर्षाच्या दोन चित्रपटांतून दिसतो, तो ललिताबाईंनी केलेला नव्हता. त्यांनी दोन्ही भूमिका सारख्याच इमानाने केल्या. न्याय लिहिणाऱ्यांचा होता, आणि टाळ्या वाजविणाऱ्यांचा.

याविषयी आम्हाला इतके का वाटावे, असे कोणी विचारील. म्हणून थोडे घरचे सांगतो. साताऱ्यास आमच्या घरी एक आत्या राहत. लहानपणीच विधवा होऊन त्या माहेरी आलेल्या. घरचा सगळा हिशेब त्यांच्याकडे. दूध किती आले, रॉकेल किती जळले, धोब्याकडे कपडे किती गेले आणि किती परतले, हे सारे त्यांच्या वहीत असे. बोलणे तुटक, नजर करडी. आमच्या आई-काकू समोर त्यांना 'वन्सं' म्हणत आणि पाठीमागे, पुढच्या ओसरीवरून ऐकू जाणार नाही अशा बेताने, 'ललिता पवार'. आमची थोरली बहीण सोळा वर्षांची असताना पुण्याचे एक चांगले स्थळ सांगून आले. मुलगा नोकरीत, घर स्वतःचे, हुंड्याची अपेक्षा नाही. सगळे घर राजी. आत्याबाई एकट्या आडव्या आल्या. मॅट्रिक झाल्याखेरीज पोर देणार नाही, म्हणाल्या. आणि मॅट्रिक झाल्यावर म्हणाल्या, आता हिला बी. ए. होऊ द्या. स्थळ अर्थातच हातचे गेले. त्या दिवसांत घरात ललिता पवारांचे नाव जितके घेतले गेले तितके त्यांच्या स्वतःच्या घरीही घेतले जात नसेल. आत्याबाईंच्या कानावर ते गेलेच. त्या रागावल्या नाहीत. वहीतून डोके वर न काढता म्हणाल्या, "त्या बाईला या कामाचे पैसे तरी मिळतात. मला मेलीला फुकट करावे लागते."

बहीण पुढे शिक्षिका झाली आणि पस्तीस वर्षे नोकरी करून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाली. चित्रपटाच्या लेखकाच्या हाती ही गोष्ट पडती, तर त्याने आत्याबाईंना तिसऱ्या रिळात जिन्यावरून पाडून, शेवटच्या रिळात घरच्यांची क्षमा मागावयास लाविले असते, याविषयी आम्हाला शंका नाही.

या आत्याबाईंनी आयुष्यात चार-पाचच चित्रपट पाहिले. त्यांतला एक 'अनाडी'. हृषीकेश मुखर्जींचा हा १९५९ चा चित्रपट. त्यात ललिताबाई घरमालकीण मिसेस डिसा आहेत आणि भाडे थकविणारा भाबडा चित्रकार म्हणजे राज कपूर. ही बाई दारात उभी राहून भाड्यासाठी आकाशपाताळ एक करते आणि त्याच दमात त्या पोरावर पोटच्या मुलासारखी माया करते. तिच्याजवळ घर आहे, किल्ल्या आहेत, तोंड तर आहेच आहे. आणि तरीही ती या चित्रपटाचे काळीज आहे. आमच्या वरच्या न्यायाला हा सणसणीत अपवाद, आणि तो करण्याचे धैर्य हृषीदांनी दाखविले म्हणून त्यांचे आभार मानले पाहिजेत. एका कारखानदाराचे सदोष औषध घेऊन ही मिसेस डिसा मरते आणि तिच्या मृत्यूचा आळ ज्याच्यावर तिने जीव लावला त्याच्यावरच येतो. या भूमिकेसाठी ललिताबाईंना साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. चित्रपट पाहून घरी आल्यावर आत्याबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे बरे केले. तिला ओरडू दिले."

'अनाडी' आणि 'श्री ४२०' पुनःपुन्हा पाहताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे, ती येथे सांगून टाकतो. ललिताबाईंचा तो बारीक झालेला डावा डोळा दुष्ट भूमिकांत विलक्षण भीतिदायक दिसतो, हे सर्वांसच ठाऊक आहे. मान किंचित तिरपी, एक भुवई चढविलेली, आणि तो अर्धा मिटलेला डोळा समोरच्या सुनेचे जणू माप घेत आहे. परंतु हाच डोळा गंगामाईच्या चेहऱ्यावर पाहा. तेथे तो हसतो. मिसेस डिसा भाड्यासाठी ओरडत असते तेव्हा तोंड एक सांगत असते आणि हा डोळा प्रेक्षकाला गुपचूप दुसरेच सांगत असतो की, घाबरू नका, हे सगळे वरवरचे आहे. डोळा एकच, त्याची इजा एकच; फरक पडतो तो बाकीच्या चेहऱ्याने, श्वासाने, मानेच्या वळणाने. ज्या अवयवावर आपली सत्ता उरलेली नाही, त्याच्या भोवतीच्या सगळ्या अवयवांना शिकवून त्याच्याकडून दोन परस्परविरुद्ध कामे करून घेणे, याला केवढी मेहनत लागली असेल! लोक म्हणतात, तो डोळा त्यांना वरदान ठरला. आम्ही म्हणतो, त्यांनी त्याला नोकरीस ठेविले आणि पन्नासांहून अधिक वर्षे त्याच्याकडून काम घेतले.

ललिताबाईंनी केलेल्या चित्रपटांची संख्या सातशेंच्या आसपास सांगतात. हिंदी, मराठी, गुजराती असे सगळे धरून. चरित्रभूमिका करणाऱ्या नटाचे आयुष्य एका अर्थी कारकुनासारखे असते. सकाळी एका स्टुडिओत विधवा, दुपारी दुसऱ्या स्टुडिओत जमीनदारीण, संध्याकाळी तिसरीकडे दाई. नायक-नायिकेच्या सोयीने तारखा ठरावयाच्या, आणि नायकाला उशीर झाला तर रंग लावून खुर्चीत बसून राहावयाचे. वयाचा हिशेब तर विचारूच नये. १९५२ च्या 'दाग'मध्ये दिलीपकुमारांच्या आईचे काम ललिताबाईंनी केले, तेव्हा आई छत्तीस वर्षांची आणि चिरंजीव तिशीत! 'हम दोनो'मध्ये (१९६१) त्या ज्यांच्या आई झाल्या ते देवानंद त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. राज कपूर आठ वर्षांनी. हे नायक पुढे कित्येक वर्षे झाडांभोवती गाणी म्हणत राहिले. बाई मात्र तिशी-पस्तिशीतच पांढरे केस लावून म्हाताऱ्या झाल्या, त्या कायमच्या.

एवढ्या भरमसाट कामात सगळेच सोन्यासारखे निघेल, असे नाही. किंबहुना पुष्कळ काम एकसुरी आहे, हे आम्ही कबूल करतो. सत्तरीच्या दशकातल्या कित्येक चित्रपटांत त्यांना प्रवेश, टोमणा आणि प्रस्थान याहून अधिक काही दिलेलेच नव्हते, आणि दिले नव्हते ते त्यांनीही आणले नाही. पण मधूनमधून असे काही लखकन चमकून जाते की, आपण सावरून बसतो. बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त (१९५९) अस्पृश्य मुलीच्या सावलीलाही जपणारी घरातली वडीलधारी बाई ललिताबाई आहेत, आणि त्या मुलीला वाढविणारी आई सुलोचनाबाई. एका घरात या दोन मराठी स्त्रिया समोरासमोर! सुलोचनाबाई २०२३ साली वारल्या तेव्हा उभ्या महाराष्ट्राने 'आई गेली' म्हणून डोळे पुसले, ते योग्यच झाले. ललिताबाईंच्या वाट्याला मात्र दुसरी बाजू आली होती. 'सुजाता'तील त्या बाईला त्यांनी राक्षसीण केलेले नाही. ती आपल्याला ओळखीची वाटते. सोवळ्यात जेवण वाढणारी, प्रेमळ, आणि एका बाबतीत पुरती आंधळी. अशा बायका आपल्या घरांतून होत्या, आपले लाड करीत होत्या, म्हणूनच तो अभिनय अंगावर येतो.

आणि 'प्रोफेसर' (१९६२)! तरुण शम्मी कपूर म्हाताऱ्या शिक्षकाचे सोंग घेऊन घरात शिरतो आणि करारी पालक असलेली ललिताबाईंची सीतादेवी त्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडते. हा सगळा हसण्यावारी न्यावयाचा मामला आहे, आणि आम्हीही हसतो. पण जन्मभर शिस्तीत काढलेल्या त्या बाईच्या चेहऱ्यावर जी लाज, जी उशिरा आलेली उमेद ललिताबाई दाखवितात, ती पाहून हसता हसता गळ्याशी काही दाटते. विनोदी प्रसंगात त्यांनी हे दाखविले, कोणी मागितले नसताना. 'मेमदीदी' (१९६१) तर त्यांच्याच भूमिकेच्या नावाने निघालेला चित्रपट. वस्तीतल्या दोन दांडग्या गुंडांना वठणीवर आणणारी आणि मग त्यांचे घर होणारी ही बाई ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी ती अवश्य पाहावी. याही चित्रपटाचे दिग्दर्शक हृषीदाच. १९६१ सालीच संगीत नाटक अकादमीने ललिताबाईंचा गौरव केला.

१९६१ च्याच 'संपूर्ण रामायण' या चित्रपटात त्यांनी मंथरा केली होती. सव्वीस वर्षांनी तीच मंथरा पुन्हा त्यांच्याकडे आली. २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर रामानंद सागरांचे 'रामायण' सुरू झाले. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, शेजारीपाजारी टीव्ही असलेल्या घरी येऊन बसत आणि काही घरी टीव्हीला हारही घातला जाई, हे सर्व आता पुष्कळदा लिहून झाले आहे. सत्तरी गाठलेल्या ललिताबाई पाठीत वाकून, काठी टेकीत आल्या आणि सबंध देशाने दातओठ खाल्ले. आम्ही त्या वेळी मुद्दाम वाल्मीकीचे अयोध्याकांड काढून पाहिले. मंथरा ही कैकेयीच्या माहेरची दासी. म्हणजे या परक्या राजवाड्यात तिचे म्हणावे असे एकच माणूस, ते म्हणजे कैकेयी. ललिताबाईंची मंथरा पाहताना हे माहेरपण जाणवते. ती कैकेयीशी बोलते ती कारस्थान्यासारखी नव्हे. अंगाखांद्यावर खेळविलेल्या पोरीचे नुकसान होत असलेले पाहून जीव तुटणाऱ्या दाईसारखी बोलते. म्हणूनच तिचे विष चढते. चाळीस-पंचेचाळीस वर्षे सुनांना छळणाऱ्या बायका केल्यावर या नटीला एक पक्के ठाऊक झाले असले पाहिजे की, दुष्ट माणूस स्वतःला दुष्ट समजून काही करीत नाही.

अखेरच्या काळात ललिताबाई पुण्यास औंधला राहत. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी राहत्या घरी त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्या घरात एकट्याच होत्या, आणि ती वार्ता बाहेर कळावयासही वेळ लागला. वर्तमानपत्रांनी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मथळे दिले, त्यांतल्या बहुतेकांत 'खाष्ट सासू' हे शब्द होते. टॉलस्टॉयचा उल्लेख आम्हाला कोठे आढळला नाही.

२०२० च्या मार्च महिन्यात देशभर टाळेबंदी झाली आणि दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवावयास आरंभ केला. आमची सात वर्षांची नात त्या वेळी आमच्याकडे अडकून पडली होती. मंथरा आली तशी ती आमच्या मागे दडली आणि मानेआडून पाहत राहिली. भाग संपल्यावर तिने विचारले, या आजींचा डोळा असा का? आम्ही तिला ती थपडेची हकीकत सांगितली. ती ऐकून घेतल्यावर तिने आपल्या स्वतःच्या डाव्या गालावर हात ठेविला आणि बराच वेळ तसाच ठेवून बसली. मग म्हणाली, त्या कधी हसतच नसत का? तेव्हा संध्याकाळी आम्ही तिला 'श्री ४२०' लावून दिला. केळेवाली पडद्यावर आली तरी तिने ओळखली नाही. थोड्या वेळाने एकदम ओरडली, "आजोबा, तोच डोळा!" आणि ते हसणे तिने आमच्याकडून मागे नेऊन नेऊन तीनदा पाहिले. त्यानंतर तिला केळी हवी झाली. टाळेबंदीचे दिवस, घरात एकही केळे नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फळांची गाडी येईपर्यंत थांबावयास ती काही केल्या तयार होईना.